पाणी पोचल्याची पावती

गावात मला अर्जवाली बाई म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. लातूर जिल्हा होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हता आणि नव्यातही नव्हता. दर तीन दिवसांनी लातूरहून टँकर यायचा, आडात रिकामा व्हायचा, आणि सरपंच रामकिशन पाणी पोचल्याची पावती सही करून ड्रायव्हरला द्यायचा. कधी टँकर अर्धाच यायचा, कधी यायचाच नाही. पावती मात्र दर वेळी पुरी. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी, मला हे पचेना. नव्या कलेक्टर कचेरीत अर्ज ठोकला. आमच्या बौद्धवाड्याच्या घागरी रांगेत कायम शेवटी का, हेही त्यात विचारलं. तेव्हापासून अर्धं गाव माझ्याशी बोलेनासं झालं.

म्हणून माझ्या सहा वर्षांच्या विशाखाला हगवण लागली, तेव्हा मी ती लपवली.

आदल्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यात एकाला असंच झालं, तर रोग तुमच्याकडूनच येतो म्हणून आठ दिवस आम्हाला आडावर फिरकू दिलं नव्हतं. आता कळलं असतं तर सगळा वाडा पुन्हा पाण्यावाचून बसला असता. मी दाराला आतून कडी लावली, तिचे कपडे घरातच खळबळले, साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजत राहिले. ती ते ओकून टाकायची. नवरा व्यंकटी दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईला, दूर. गुरुवारी सकाळी विशाखाचे डोळे खोल गेले, आणि ती रडली तर डोळ्यांतून पाणीच येईना. शिकलेली बाई मी, आणि गावाला भिऊन स्वतःच्या लेकराचा जीव घालवायला निघाले होते.

एस.टी. दुपारी तीनची. तेवढ्यात टँकरचा हॉर्न ऐकू आला. पोरीला खांद्यावर टाकून मी आडाकडे पळाले, आणि घागरींच्या रांगेमागे जाऊन नुसतीच उभी राहिले.

रांगेत पहिला नंबर सरजाबाईचा होता. अर्जावरून मला सगळ्यात जास्त टोमणे मारणारी हीच. तिनं मला पाहिलं, काय झालं म्हणून विचारलं. थोडा ताप आहे, मी म्हणाले. तिनं पुढं होऊन विशाखाच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"खोटं कामून बोलतीस, मास्तरणी?" ती हळूच म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात माझं लेकरू असंच गेलंय. लई येळ न्हाई तुझ्याकडं."

मग तिनं सगळ्यांदेखत आपली घागर पालथी घातली. घागर पालथी घातली की नंबर सोडला, असा आमच्याकडचा रिवाज. ड्रायव्हर गुंडप्पा पाइप जोडत होता, त्याचा हात तिनं धरला. टँकर आडात रिकामा करायला पाऊण तास लागायचा, आणि भरलेली गाडी नांदेडच्या वाटेवरचा चढ ओढायची नाही. नांदेडला चल, लातूरपेक्षा ते जवळ, पाणी वाटेत सोडून दे, ती म्हणाली.

गुंडप्पा निलंग्याकडचा, भिऊन गेला. गाडी लातूरची, नांदेड दुसरा जिल्हा, पाणीही नाही आणि पावतीही नाही, उद्या साहेब घरी बसवतील. रांगेतला ईश्वरप्पा मागून ओरडला, की एका पोरीपायी सगळ्या गावाला तहानेनं मारता का. त्याचं काय चुकलं होतं? पण आणखी एक घागर पालथी झाली, मग दोन. किती झाल्या ते मी मोजलं नाही. ईश्वरप्पाची उभीच होती.

रामकिशननं खिशातून पावतीपुस्तक काढलं, सही केली, आणि माझ्याकडं पाहिलं.

"बाई, ही पावती खोटी हाय," तो म्हणाला. "साक्षीदार म्हणून सही करा."

मी केली.

चढावर गुंडप्पानं मागचा नळ सोडला. गावाचं तीन दिवसांचं पाणी रस्त्यावर सांडत चाललं होतं, आणि मागं वळून बघायची माझी छाती होईना. मी विशाखाच्या नाकाशी बोट धरून बसले. श्वास बोटाला लागला की पुढच्या श्वासाची भीती. मध्येच एकदा तो लागलाच नाही, आणि मी गुंडप्पाच्या अंगावर ओरडले. त्या बिचाऱ्यानं काय करायचं होतं? नांदेडच्या सरकारी दवाखान्यात तिला सलाईन लावलं, आणि डॉक्टरांनी मला झाप झाप झापलं, इतका वेळ काय करत होतात म्हणून. चौथ्या दिवशी लेक घरी आली.

महिन्याभरानं माझ्या अर्जाला पाय फुटले. कचेरीतून साहेब चौकशीला आले, माझाच अर्ज हातात घेऊन. शाळेच्या व्हरांड्यात बसून त्यांनी कचेरीत जमा झालेली एकेक पावती चाळली. त्या गुरुवारच्या पावतीवर बोट ठेवून विचारलं, पाणी पोचलं होतं का. पहिलं उत्तर ईश्वरप्पानं दिलं. पोचलं साहेब, घागरी भरल्या. मग साहेब माझ्याकडं वळले. माझी नोकरी, गुंडप्पाची नोकरी, सगळं त्या एका कागदावर होतं.

"पोचलं," मी म्हणाले.

"मग पावत्या खऱ्या आणि अर्ज खोटा, असं समजायचं का?"

एक हो म्हटलं की सगळं मिटत होतं. पण आमच्या वाड्याच्या घागरी अजून शेवटीच होत्या.

"नाही," मी म्हणाले. "अर्जात लिहिलंय ते सगळं खरं आहे."

रामकिशन खांबाला टेकून उभा होता. त्यानं त्या गुरुवारचं एक वाक्य सांगितलं असतं, तर खोटारडी मीच ठरत होते. विशाखा माझ्या पदराला धरून उभी होती. तो तिच्याकडं बघत राहिला.

"बाईनं लिवलं ते बरोबर हाय, साहेब," तो म्हणाला. "अर्ध्या टँकरला पुऱ्या सह्या म्याच केल्या."

आणि खिशातलं पावतीपुस्तक काढून त्यानं साहेबांपुढं ठेवलं.