रसूलशिवाय जिंकलेला सामना

एकोणीसशे एकोणपन्नासचा फाल्गुन. निजामाचं राज्य जाऊन सहा महिने झाले होते. धाराशिवच्या तरुण मंडळानं गावोगावच्या पोरांचे फुटबॉलचे साखळी सामने जाहीर केले होते. येडशीचा कप्तान उत्तरेश्वर. स्टेशनमागच्या माळावर पोरं जमली, तेव्हा रसूलही आला. आजवर येडशीचा गोल त्यानंच राखला होता.

"औंदा जागा भरली, रसूल," उत्तरेश्वर त्याच्याकडं न बघता म्हणाला.

रसूलनं जमलेल्या पोरांवर नजर फिरवली. गोलमध्ये उभं राहणारं त्यांत कुणीच नव्हतं. तो परत फिरला.

संघात मुसलमान नको, असं त्यांच्यातल्याच बब्रुवाननं आदल्या दिवशी बजावलं होतं. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी त्याच्या चुलत्याचं घर जाळलं होतं. त्याचा राग खोटा नव्हता. पण रसूलचे वडील साधे टांगेवाले. रझाकारांत ते कधी गेले नाहीत. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे भारताची फौज शिरली त्या दिवसांत गिऱ्हाईक घेऊन गेले, ते परतलेच नाहीत. नुसता टांगा सापडला. त्यांना हुडकायला रसूलबरोबर उत्तरेश्वर स्वतः रानोमाळ हिंडला होता.

पहिल्या सामन्यात लिंबाजीला गोलमध्ये उभं केलं. तेरच्या पोरांना हरवून येडशीनं गुलाल उधळला. बब्रुवान ओरडला, "बघा, त्याच्याबिगर बी जिंकलो!" सगळे हसले. उत्तरेश्वरही हसला, आणि तेवढ्यात त्याला माळाच्या कडेला, बाभळीखाली बसलेला रसूल दिसला.

घरी ताटावर बसून तो नुसता भाकरी कुस्करत राहिला. आईनं, सत्यभामाबाईनं, विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "बब्रुवानच्या माणसांचं घर जळालंय. तुझं काय जळालंय?"

"काय न्हाय."

"मग तू का केलंस?"

"संघ फुटंल म्हणून भ्यालो."

"बब्रुवान रागानं आंधळा झालाय, त्याला समजावता येईल. तुला तर समदं ठावं होतं. तुझं पाप त्याच्यापरास मोठं हाय, उत्तरेश्वरा."

तो ताटावरून उठला आणि रसूलच्या घरी गेला. रसूलची आई खैरुनबी नेहमीसारखंच "ये बेटा" म्हणाली. त्याला ते सोसवेना.

"जागा भरली नव्हती, रसूल. म्या खोटं बोललो."

"मला तवाच कळलं," रसूल म्हणाला. "दुसरं कुणी बोललं असतं तर सोसलं असतं. अब्बाला हुडकायला तू संगं होतास."

"चूक झाली. खेळायला चल."

"हितं घरात नको सांगू. माळावर समद्यांम्होरं सांग."

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरनं सगळ्यांसमोर आपलं खोटं कबूल केलं. बब्रुवान म्हणाला, "तो खेळणार आसंल तर म्या न्हाय."

"तुझ्या चुलत्याचं घर जाळणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच पायजे. साक्षीला म्या तुझ्यासंगं येतो. पर रसूलला कशाची शिक्षा, ते सांग."

बब्रुवान पाठ फिरवून निघून गेला. येरमाळ्याविरुद्ध रसूल गोलमध्ये उभा राहिला, पण बब्रुवानशिवाय खेळलेली येडशी हरली. परतताना रसूल पूर्वीसारखा उत्तरेश्वरच्या बरोबर चालला नाही. मागं राहिला. उत्तरेश्वरनं त्याला हाक मारली नाही. माफीवर आपला हक्क नाही, हे त्याला उमगलं होतं.

पुढच्या सामन्याला बब्रुवान आला. थेट आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. खेळ रंगात आला, चेंडू गोलकडं सुसाटला आणि बब्रुवानच्याच तोंडून निघालं, "रसूल, डावीकडं बघ!" रसूलनं झेप घेऊन चेंडू अडवला. दोघांची क्षणभर नजरानजर झाली. उत्तरेश्वरला मान वर करवेना. त्याचे डोळे भरले होते.

बंधूंनो, अन्याय फक्त रागावलेली माणसं करत नाहीत. खरं ठाऊक असूनही चारचौघांना भिणारी आपल्यासारखी भली माणसंही तो करतात. आणि चारचौघांत केलेला अन्याय घरात मागितलेल्या माफीनं फिटत नाही. तो चारचौघांतच कबूल करावा लागतो.