फोटोतलं अर्धं घर

फ्रेमवाल्याचा अर्ज चौथ्यांदा गल्लीच्या समितीपुढे आला आणि चौथ्यांदा त्याच प्रश्नावर अडला: फ्रेमवाल्याचं घर आहे की नाही?

घर होतं. तो स्वतः तिथे जेवून, हात धुवून, दाराला कुलूप न लावता आला होता, कारण आत बायको होती. पण असल्या पुराव्यात समितीला रस नव्हता. समितीचा पुरावा सभागृहाच्या भिंतीवर टांगलेला होता. ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी काढलेला जुन्या गल्लीचा फोटो. गावाकडे जुना म्हणावा असा तेवढा एकच. त्यावरून समितीने तीन वर्षांपूर्वी नियम केला होता आणि नियम तसा सुटसुटीत होता: फोटोत जे आहे ते ठेवायचं, फोटोत जे नाही ते करायचं नाही.

नियम झाला तेव्हा सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी फोटो नीट पाहिला नव्हता, हीच मोठी गंमत. मग समितीचे अध्यक्ष भिंग घेऊन बसले. त्यांना सगळे हेडमास्तर म्हणायचे. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. भिंगाखालून एकेक भानगड बाहेर यायला लागली. औषधांच्या दुकानावरची खिडकी फोटोत अर्धी उघडी निघाली, म्हणून औषधवाल्या बाई बारा महिने अर्ध्या उघड्या खिडकीखाली झोपायच्या आणि आपल्याच दुकानातलं खोकल्याचं औषध प्यायच्या. बेकरीच्या छपरावर मांजर निघालं, म्हणून बेकरीवाल्याने सिमेंटचं मांजर बसवलं. त्याला भेटायला येणारी खरी मांजरं हाकलायचं काम त्याच्या म्हाताऱ्या आईच्या गळ्यात पडलं. आणि दिव्याच्या खांबाशी एक माणूस वाकून बुटाची नाडी बांधताना निघाला. त्याच्यावर तीन बैठका झाल्या. शेवटी पाळ्या लावल्या. रोज सकाळी सव्वादहाला कोणीतरी खांबाशी जाऊन नाडी बांधायची. बुधवार फ्रेमवाल्याचा होता. तोही जायचा मुकाट्याने, वाकायचा, बांधायचा, परत यायचा.

एवढा खटाटोप करून गल्लीच्या तोंडाशी 'ऐतिहासिक' अशी पाटी लागली. आजवर अकरा पाहुणे येऊन गेले. त्यातले दोघे रस्ता चुकलेले होते.

"मास्तर, मागणी काय आहे माझी?" फ्रेमवाला म्हणाला. "दारात तीन पायऱ्या आहेत. त्यांच्यावर लाकडी उतार टाकायचाय. बायकोची चाकांची खुर्ची खाली उतरेल एवढा. बस."

"मागणीला कोण नाही म्हणतंय?" हेडमास्तर म्हणाले. "पण तुमचं घर फोटोच्या अगदी कडेला येतं. अर्धी चौकट दिसते. पायऱ्या दिसतच नाहीत. जे दिसत नाही त्याच्यावर निर्णय कसा घ्यायचा?"

"नाही ना दिसत? मग ती बाजू नियमाच्या बाहेर."

"वा! अर्धं घर ऐतिहासिक आणि अर्धं मोकाट? उद्या तुम्ही अर्ध्या दाराला काच बसवाल."

"मी म्हणते, पायऱ्या होत्या कशावरून?" औषधवाल्या बाई खोकत म्हणाल्या. "नसतील तर काढाव्याच लागतील."

"पायऱ्या काढल्या तर मी घरात शिरू कसा?"

"तो वेगळा अर्ज," हेडमास्तर म्हणाले आणि वहीत 'पुढील बैठकीत' असं लिहून मोकळे झाले.

फ्रेमवाल्यापाशी सांगण्यासारखं एक होतं, पण तोही ते पुढच्या बैठकीवर ढकलून घरी निघाला. गेली तीन वर्षं तो तेच करत होता.

घरी आला तर घरातल्याच दुकानात मेहुणा बसला होता. मेहुणा सुतार. बहिणीसाठी उतार त्याने चार महिन्यांपूर्वीच करून ठेवला होता, दोन्ही बाजूंना बोटभर उंच कड घालून, वर चाक घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकून. तो उतार भिंतीला टेकून उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाला लागत होता.

"काय भाऊजी, झालं का आपलं घर?"

"पुढच्या बैठकीत होईल."

"मी म्हणतो, ताईला आपण उचलून नेऊ. एकदा नेलीच होती की दवाखान्यात."

"त्याचं नाव काढू नकोस," आतून आवाज आला. "गोणीसारखं खांद्यावर टाकून नेलंत मला. सगळी गल्ली बघत होती. मी गोणी नाही."

आठ महिन्यांपूर्वी ती दिवा बदलायला स्टुलावर चढली आणि खाली आली ती खुब्याचं हाड मोडूनच. तेव्हापासून तिचं जग म्हणजे दोन खोल्या आणि एक खिडकी. खिडकीतून दिवा, खांब आणि रोज सव्वादहाला नाडी बांधणारा कोणीतरी एवढं दिसायचं. एके काळी ही बाई भाजी आणायला म्हणून निघायची आणि गावाला वळसा घालून, चार घरची खबर घेऊन दीड तासाने यायची. हल्ली ती फार बोलतही नव्हती. परवा तिने त्याला विचारलं होतं, "बाहेर वारा कसाय आज?" खिडकी उघडीच होती. त्याला त्या प्रश्नाने अगदी कसंसंच झालं होतं.

मेहुणा गेला. फ्रेमवाला बायकोसमोर स्टूल ओढून बसला. तेच स्टूल.

"एक सांगायचंय. रागावू नकोस."

"सांगा आधी. रागवायचं का ते मग बघते."

"तो फोटो अर्धा नाहीये. आपलं घर त्यात पूर्ण होतं. मी कापलं."

पंधरा वर्षांपूर्वी सभागृहाचं उद्घाटन होतं. आदल्या दिवशी दुपारी हेडमास्तर शाळेच्या कपाटात सापडलेला फोटो घेऊन धावत आले, उद्या सकाळी भिंतीवर हवा म्हणाले. फ्रेमवाल्याने माप घेतलं, लाकूड कापलं, कोपरे जुळवले, खिळे ठोकले. मग फोटो ठेवून बघतो तर फ्रेम दोन बोटं आखूड. दुसरं तसलं लाकूड दुकानात नव्हतं. वडिलांनी हाताला धरून शिकवलेली गोष्ट एकच होती: माप चुकलं तर लाकडाला हात लाव, फोटोला नाही. त्याने दार लोटून घेतलं आणि मोजपट्टी ठेवून फोटोची उजवी बाजू दोन बोटं कापली. एका झटक्यात. पातं नवं होतं.

बायकोने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"म्हणजे आपलं दार तुम्हीच कापलंत."

"हो."

"आणि चार बैठका तिथे बसून ऐकताय, घर आहे का नाही."

"लाज वाटत होती. फ्रेमवाला फोटो कापतो म्हटल्यावर दुकानात कुत्रं तरी येईल का?"

"आणि मी?" ती म्हणाली.

उत्तर तिने ओढून काढलं नाही. फक्त म्हणाली, "तुम्ही कात्रण कधी फेकत नाही. शोधा."

हे खरं होतं. लाकडाचे तुकडे, काचेच्या पट्ट्या, पुठ्ठ्याच्या कडा, सगळं तो कधीतरी लागेल म्हणून ठेवायचा आणि गंमत म्हणजे ते लागायचंही. दुपारभर त्याने खोकी उपसली. फोटोची ती पट्टी नव्हती. दमून बसला तेव्हा नजर समोरच्या भिंतीवर गेली. त्यांच्या लग्नाचा फोटो. काच थोडी ढिली होती आणि दार आपटलं की खडखडायची. ती खडखड थांबवायला त्याने मागे काहीतरी जाडसर सरकवलं होतं, पंधराएक वर्षांपूर्वी.

त्याने फोटो उतरवला, खिळे वाकवले, पाठ काढली. पट्टी तिथे होती. नवरानवरीच्या पाठीला लागून त्यांच्याच घराचं दार.

बायकोने भिंग धरलं. "दार आहे. पायऱ्या आहेत, तीन. आणि अहो! पायऱ्यांवर फळी टाकलीये. माणूस पिंप ढकलत वर नेतोय."

फळी. ऐंशी वर्षांपूर्वीचा उतार. फ्रेमवाल्याला हसू की रडू कळेना, तेव्हा त्याने दोन्ही थोडंथोडं करून घेतलं.

पाचव्या खेपेच्या बैठकीत त्याने फोटो भिंतीवरून काढायला लावला, काच बाजूला केली आणि पट्टी कडेला लावून दाखवली. जोड केसाइतकाही हलत नव्हता. मग झाल्या गोष्टीची कबुली दिली, उभ्यानेच, मान खाली घालून.

हेडमास्तरांनी जोडावरून बोट फिरवलं. "पंधरा वर्षं मी हा फोटो स्वतःच्या रुमालाने पुसतोय," ते हळूच म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच निवृत्त माणसासारखा वाटला, आणि फ्रेमवाल्याला शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं झालं.

"दुसऱ्या बाजूनेही कापलायस का रे?" बेकरीवाल्याने विचारलं. "माझ्या वाट्याला अजून एखादं जनावर येणार असेल तर आत्ताच सांग. आई थकली आता."

"नाही. एवढंच."

"खिडकी?" औषधवाल्या बाईंनी आशेने विचारलं.

"खिडकी अर्धीच आहे, बाई."

त्या खोकल्या. मग चर्चा सुरू झाली. फळी फोटोत होती, तेव्हा फळीला नाही म्हणायची सोय उरली नव्हती. फ्रेमवाला उठायच्या बेतात होता, तोच हेडमास्तरांनी भिंग उचललं.

"पण फळीवर पिंप आहे."

"असू दे की."

"असू दे कसं? नाडी बांधणारा आपण सोडला नाही. मांजर सोडलं नाही. पिंपाशिवाय फळी म्हणजे नुसती फळी. तिला काय इतिहास?"

मतदान झालं. उताराला मंजुरी, पण उतारावर पिंप असणं बंधनकारक. उद्या सव्वादहाला जागेवर पाहणी.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला सगळी समिती दारात हजर. मेहुण्याने उतार टाकला. पायऱ्यांवर तो असा बसला, जणू तिथलाच होता. अडलं ते पिंपावर. बेकरीवाल्याने पिठाचं निळं प्लास्टिकचं पिंप आणलं, ते हेडमास्तरांनी बघताक्षणी नापास केलं. लाकडी पिंप गावात कोणाकडेच नव्हतं. मेहुणा म्हणाला, करून देतो, दोन महिने लागतील. हेडमास्तर म्हणाले, मग दोन महिन्यांनी भेटू. खांबाशी आजच्या पाळीचा न्हावी नाडी बांधायला वाकला होता, तो गंमत ऐकत तसाच वाकून राहिला.

"मास्तर!" खिडकीतून बायकोने हाक मारली. "त्या पिंपात काय होतं?"

"ते कसं कळणार? झाकण आहे ना."

"वजनदार होतं?"

हेडमास्तरांनी पट्टीला भिंग लावलं. "माणूस चांगलाच वाकलाय. म्हणजे वजन असणार."

"मीही वजनदार आहे, यांना विचारा. मलाही एक माणूस मागून ढकलतो. मला पिंप म्हणून लिहा."

न्हाव्याच्या हातातली नाडी सुटली.

"वहिनी, अहो असं कसं? तुम्हाला पिंप…"

"गोणी होऊन झालं, मास्तर. पिंप बरं. त्याला उचलत तरी नाहीत, आपलं आपण गडगडतं. लिहा."

हेडमास्तरांनी वही उघडली, मिटली, परत उघडली. आयुष्यभर त्यांनी हजेरीपटात खोटं काही लिहिलं नव्हतं. मग त्यांनी चष्मा पुसला, आणि पुसायला जरा जास्तच वेळ लावला. 'पिंप: हजर,' असं लिहून खाली सही केली.

फ्रेमवाला आत गेला, खुर्ची वळवली, उंबऱ्यावरून चाकं अलगद पार केली आणि दोन्ही हातांनी मागे ओढून धरत उतारावरून बायकोला खाली आणलं. आडव्या पट्ट्यांवरून चाकं खडखडली. मग रस्ता आला. तिने पहिल्यांदा मान वर करून सबंध आभाळ बघितलं, खिडकीएवढं नव्हे.

"मांजर फारच वाईट झालंय हो," ती बेकरीवाल्याला म्हणाली.

"कुठे जाऊया?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"फोटो कुठे संपतो?"

"पट्टी धरून? त्या वळणावरच्या नळापाशी."

"मग त्याच्या पुढे."

तो ढकलायला लागला. आपल्या दाराच्या मधोमध, जिथे त्याने पातं ओढलं होतं, तिथून पुढे जाताना त्याची पावलं मंदावली. तिने मागे हात नेऊन त्याच्या हातावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"अहो!" मागून हेडमास्तर धावत आले. "पिंप फोटोच्या बाहेर नेता येणार नाही! नियमात…"

"परत आणतो की, मास्तर," मेहुण्याने त्यांना दंडाला धरून थांबवलं.

नळ मागे पडला. वळणापलीकडे नियम लागू नव्हता, त्यामुळे तिथे सगळा आनंदच होता. गच्च्यांवर डिशा, दारात प्लास्टिकच्या खुर्च्या, लोंबणाऱ्या वायरी, आणि कोपऱ्यावर नवीन झालेलं मोबाइलचं दुकान, वरपासून खालपर्यंत पोपटी रंगाचं, त्यावर जांभळी अक्षरं. गेल्या आठ महिन्यांत झालेलं. तिने ते कधी पाहिलेलंच नव्हतं.

"अगंबाई," ती म्हणाली. "किती घाण रंग आहे हा!"

"वळवू का?"

"नको, नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "थांबा जरा. नीट बघू द्या."