चावणारं कपाट

थोरल्याला मुलगी झाली त्या वर्षी आमच्या घरात बॅटऱ्या आल्या. छपरावरच्या सौर पत्र्यांची वीज साठवायला मागच्या बोळात माणसाएवढं लोखंडी कपाट उभं राहिलं. नातीला आम्ही ठकी म्हणायचो. ती रांगायला लागली, आणि माझी बायको म्हणू लागली, "हे कपाट चावतं."

"मला तर नाही चावत," मी म्हटलं.

"तुम्हाला चावून त्याचेच दात पडायचे!"

थोरला म्हणाला, "आई, वयाने हाताला मुंग्या येतात. गोळ्या आणतो."

ती अनवाणी पुसलेल्या फरशीवर उभी असायची आणि माझ्या पायात सदा रबरी चपला असायच्या. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका दुपारी आंघोळ करून मी ओल्या पायांनी बोळातून निघालो. तोल गेला म्हणून कपाटाला हात टेकला. खांद्यापर्यंत सणका गेला आणि मी भिंतीवर आपटलो. बायको पलीकडे फरशी पुसत होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. आमच्या दोघांच्या मधून ठकी ओल्या फरशीवरून रांगत कपाटाकडे निघाली होती. दाराची चकचकीत मूठ तिला फार आवडायची.

हाक मारायची सोय नव्हती. हाक मारली की ती खिदळून आणखी जोरात रांगायची, तो तिचा खेळ होता. तिला उचलून घ्यायचं मला सुचलंच नाही, मी धावत पुढच्या खोलीत गेलो आणि मेन स्विच पाडला. वर पाहिलं तर पंखा फिरतच होता. बाहेरची वीज तुटली तरी बॅटऱ्या घर चालवतात, त्यासाठीच तर त्या आणल्या होत्या.

परत आलो तेव्हा बायको फरशीवर पालथी पडली होती. माझा जीवच गेला. मग दिसलं, तिच्या मुठीत ठकीच्या झबल्याचं टोक होतं. तिने झेप घेतली होती. ठकीचा हात कपाटापासून वीतभर दूर होता आणि ती भोकाड पसरून रडत होती.

"नुसते बघताय काय?" बायको ओरडली. "बंद करा ते!"

बॅटऱ्यांचा खटका कपाटाच्याच अंगावर. मी चपला घातल्या आणि चालायच्या कोरड्या काठीने तो ढकलला. दोनदा काठी घसरली. मग पंखा थांबला.

वायरमन आला. कपाटामागची हिरवी तार धरत धरत तो नळाच्या लोखंडी पाइपापर्यंत गेला.

"आजोबा, ही तार जमिनीत जायला पाहिजे. कपाटात वीज उतरली की तिला हीच वाट. वाट नसली की ती माणसातून जाते."

"पाइप जातोय की जमिनीत."

त्याने बाहेर जाऊन पाहिलं. "भिंतीपलीकडे प्लास्टिक आहे. कधी बदललात?"

गेल्या उन्हाळ्यात. गंजाचं पाणी बंद झालं म्हणून आम्ही सगळे खूश होतो.

आत कपाटाला घासून सोललेली एक वायर त्याने बदलली. अंगणात खोल खड्डा घेऊन तांब्याची कांब पुरली आणि कपाट तिला जोडलं. "माती ओली ठेवा, कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही," असं सांगून गेला. बायको रोज सकाळी तिथे बादलीभर पाणी ओतायची, त्याशिवाय ठकीला खाली सोडायची नाही. ठकी धावायला लागली तरी ओतायची.

आता ते पाणी मी ओततो. ठकी तिसरीत गेली त्या वर्षी, हिवाळ्यात, माझी बायको तापाने वारली.