देव्हाऱ्यातलं जांभळं फूल

सोमवारी तलावावरून घरी आले, हातपाय धुतले आणि देव्हाऱ्याकडे नजर गेली. पिंडीवर जांभळं फूल! ते फूल मी झोपेतही ओळखेन. जलपर्णीचं. लातूरला पाणी देणाऱ्या आमच्या तलावातून ती उपसण्यात अख्खा उन्हाळा गेला होता. यंत्रं, होड्या, मजूर आणि काठावर ओरडणारी इंजिनीयर मी. एक रोप राहिलं तरी पुन्हा सगळा तलाव झाकून टाकील, इतकी ती चिवट.

"आत्या, हे कुठून आलं?"

सासूबाई खुशीत होत्या. "माझी मैत्रीण लक्ष्मम्मा हाय न्हवं, तिनं उदगीरहून रोप पाठवलं होतं. गच्चीवर घंगाळात ठेवलं, तर लई माजलं बघ."

"बाकीचं कुठाय?"

"देवाचं झाड उकिरड्यावर टाकू का? निर्माल्यासंगं सकाळीच रिक्षानं तुझ्या तलावावर नेलं. एवढं स्वच्छ पाणी दुसरीकडं हाय का कुठं? तू पलीकडच्या टोकाला होतीस म्हणं. तुमचा पहारेकरी महांतेश म्हणला, द्या आज्जी, होडीनं मधोमध सोडतो."

मधोमध! माझ्या स्वच्छ पाण्याच्या कौतुकापायी माझंच वाटोळं. मी तेव्हा काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. महांतेशचा फोन लागेना. मी स्कूटी काढली, तर सासूबाईंचा चेहरा उतरलेला, तरी "मी बी येते" म्हणून मागे बसल्याच. रेल्वेनं पाणी आणून प्यायलेलं गाव आमचं. घागर घेऊन मीही रांगेत उभी राहिलेय. आता त्या गावाचं पाणी माझ्याच घरातून नासणार, या विचारानं रडू येत होतं.

महांतेश फाटकातच भेटला.

"होडी काढ! आत्यांनी दिलेलं कुठं सोडलंस?"

त्यानं मान खाली घातली आणि चौकीच्या पत्र्याकडे बोट केलं. पत्र्यावर सगळी रोपं पसरलेली, दिवसभराच्या उन्हानं करपून मलूल पडलेली.

"सोडलं न्हाई, मॅडम. जांभळं फूल पाण्याजवळ दिसू द्यायचं न्हाई, असं तुम्हीच बजावलं होतं. पण सोमवारच्या दिवशी आज्जीला न्हाई कसं म्हणायचं? त्यात त्या तुमच्या सासूबाई. तुम्हाला तरी कोणत्या तोंडानं सांगू?"

मी तिथेच पायरीवर बसले. हसू आणि रडू एकदमच फुटलं. वाचलो रे बाबा, एवढंच तोंडातून निघालं.

सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "म्हंजे देवाच्या नावानं माझ्याशी खोटं बोललास?"

"हाव, आज्जी."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा संध्याकाळच्या मोकळ्या पाण्याकडे. मग पदराची गाठ सोडून प्रसादाची खडीसाखर काढली.

"आ कर," त्या महांतेशला म्हणाल्या. "शंकराला काय सांगायचं ते मी बघते."