धुरपताबाईंचा शेरा

"बाई, तुमच्या कागदावर शेरा आहे." टेकचंद कारकुनानं आवाज खाली आणला. "लांजेवार डॉक्टरसायबानं बदली होऊन जाता जाता लिवला."

धुरपताबाई रामटेके सानगडीच्या दवाखान्यात सतरा वर्षं नर्स होत्या. एकोणऐंशी साल होतं. पाच नर्सबायांवर देखरेख करण्याच्या वरच्या जागेसाठी त्यांचं नाव भंडाऱ्याला जायचं होतं.

"कोणता शेरा?"

"बहिर्मुख." टेकचंदनं तो शब्द काचेचं भांडं उचलावं तसा सांभाळून उच्चारला. "मले अर्थ मालूम नाई. पन मुख म्हनलं म्हंजे तोंडाचंच काही असंन."

तोंडाचंच! जन्मभर बाईंनी हेच ऐकलं होतं. शाळेत मास्तर म्हणायचे, तोंड मिट. सासू म्हणायची, ही खांबाशीही बोलंन. एसटीत बसल्या की साकोली यायच्या आत शेजारणीच्या लेकीची सोयरीक कुठं अडली ते बाईंना कळलेलं असायचं.

दुपारी भजनी मंडळाचे केवळराम महाराज पायाच्या जखमेची पट्टी बदलायला आले. पट्टी गुंडाळता गुंडाळता बाईंनी विचारलं.

"बहिर्मुख?" महाराजांनी डोळे मिटले. "ज्याचं मन बाहेर भटकून राहते तो. देवाकडं पाठ, संसाराकडं तोंड. पोथीत अशा मानसाले बरं म्हनत नाई, बाई."

"देवाकडं पाठ तं आमी छप्पन साली दीक्षा घेतली तवाच केली, महाराज. त्याच्यासाठी सायबाचा शेरा कायले पायजे?"

असं म्हणत त्यांनी गाठ अशी आवळली की महाराज कळवळले.

बोलून गेल्या खऱ्या, पण काटा मोडून आत राहिला होता. लांजेवार डॉक्टर अबोल माणूस, कधी कुणाला दुखावणारा नव्हे. त्यांनीही शेवटी तेच लिहावं? गुरुवारी रजा टाकून बाई भंडाऱ्याला गेल्या.

डॉक्टर नव्या दवाखान्यात एकटेच डबा खात होते. बाईंनी नमस्कार केला आणि बसायच्या आधीच विचारलं, "सायेब, मी असं काय केलं का तुमी मले बहिर्मुख लिवलं?"

डॉक्टर हसले. मग बाईंचा चेहरा पाहून हसू आवरलं आणि डबा बाजूला सारला.

"कुणी सांगितला अर्थ?"

"पोथीवाल्यानं."

"त्याचं खोटं नाही. जुना अर्थ तोच. पण पन्नास-साठ वर्षांखाली परदेशातल्या मनाच्या डॉक्टरांनी माणसांचे दोन स्वभाव मांडले. एक आत वळलेला, एक बाहेर वळलेला. ते शास्त्र मराठीत आलं तेव्हा शब्द हवा होता. आपल्या विद्वानांनी पोथीतलाच घेतला. शब्द तोच राहिला बाई, त्यातला दोष गेला. माणसांत रमतो, तो बहिर्मुख. मी अंतर्मुख. चार माणसं दिसली की मला घाम फुटतो. एकोडी आठवते ना?"

आठवत होतं. पटकीची साथ होती. डॉक्टर सुई घेऊन तासभर चावडीपुढं उभे, आणि गावातलं एकही दार उघडेना. मग बाई म्हाताऱ्या तुळसाच्या ओट्यावर जाऊन बसल्या. सुईचं नाव काढलं नाही. धानाच्या रोपांचे पऱ्हे कसे आले, रोवण्याला बाया मिळतात का, सुनेला कितवा महिना, असं बोलत राहिल्या. बोलता बोलता तुळसानंच दंड पुढं केला. तिच्यामागं अख्खी आळी आली.

"त्या दिवशी मी नुसत्या सुया टोचल्या," डॉक्टर म्हणाले. "गाव तुम्ही वाचवलं. टेकचंदनं पुढचं वाचलं नाही का? 'बहिर्मुख, म्हणून गाव हिचं ऐकतं. वरच्या जागेस सर्वथा योग्य.'"

बाई खुर्चीत टेकल्या. पदरानं तोंड पुसलं.

"मंग साधं बोलकी लिवाचं होतं ना, सायेब!"

"बोलका तर पोपटही असतो," डॉक्टर म्हणाले आणि डब्यातली अर्धी भाकर त्यांच्यापुढं सरकवली.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा आई, चंद्रभागाबाई, चुलीपाशी बसली होती. धुरपताबाईंनी सारं सांगितलं.

"म्हंजे काय व, त्या शब्दाचं?"

"ज्याचं तोंड बाहेरच्या अंगाले, आई."

चुलीतलं लाकूड म्हातारीनं उगाच मागं-पुढं केलं.

"आमच्या वक्ती पाटील रस्त्यानं आला का आमी कुडाकडं तोंड करून उभ्या राहो," ती म्हणाली. "त्याच्या जोड्याचा आवाज जाये तवरिक. तू माह्या हाताले धरून असस. लहानशी. पन तू वळून पाहेस. म्या तुले चिमटा काढो."

धुरपताबाईंनी हे आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"लय जोरानं काढो," म्हातारी म्हणाली.

पुढच्या वर्षी जून महिन्यात हुकूम आला. नव्या जागेवर रुजू व्हायला बाई निघाल्या तो बाजाराचा दिवस होता. म्हातारी म्हणाली, "मले भाईर बसव." दारात पोतं अंथरून तिला बसवलं. रस्त्यानं माणसं, बैलबंड्या चालल्या होत्या. त्यांत त्याच पाटलाचा मुलगा आला, आता तोही पिकल्या केसांचा. सायकल थांबवून त्यानं विचारलं,

"काय चंद्रभागाबाई, लेक कुठं चालली?"

म्हातारीनं उन्हात डोळे बारीक करून त्याच्या चेहऱ्याकडं सरळ पाहिलं.

"कामावर," ती म्हणाली. "मोठी नर्स झाली ते."

तो गेल्यावरही ती तशीच बसून राहिली, रस्त्याकडं तोंड करून, पदर खांद्यावर.