मागालीसाठी ठेवलेली बारावी बाटली

मी एक जुनी लाल वाइन आहे. जुनी म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात, म्हणून आधीच सांगून टाकते, मी कुठल्या राजवाड्यातली नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला कोर्बिएरच्या डोंगरात एक खेडं आहे. तिथल्या सहकारी कारखान्यात गावकरी प्लास्टिकचे डबे घेऊन येत आणि पेट्रोल भरावं तशी नळीनं वाइन भरून नेत. त्या वाइनपैकी मी. आज आणली, आठवड्यात संपली. आमच्या नशिबात म्हातारपण नसतंच.

मित्रांनो, मी मोठ्यांच्या पानावरची वस्तू, तेव्हा मला चाखायचा हट्ट धरू नका. पण वाट पाहणं म्हणजे काय, ते तुम्हालाही माहीत असेल. माझी गोष्ट तेवढीच आहे.

कारिन्यां नावाच्या काळ्या, जाड सालीच्या द्राक्षांतून माझा जन्म झाला. ज्या आठवड्यात आमचे घोस तोडले, त्याच आठवड्यात कारखान्यात द्राक्षं पिळायच्या घाण्यावर काम करणाऱ्या ओनोरेच्या घरी मुलगी झाली. महिनाभर आधीच आली ती. इवलीशी, पोपटासारख्या नाकाची. ओनोरेच्या अंगाला माझा वास येई, म्हणून त्याची बायको जोझेत त्याला कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय बाळाजवळ फिरकू देत नसे. ती स्वतः दर थोड्या वेळानं बाळाच्या नाकाखाली बोट धरून बघायची. श्वास लागला बोटाला की मग तिचा श्वास सुटायचा. मुलीचं नाव मागाली ठेवलं.

तिकडे एक रीत आहे. मूल ज्या वर्षी जन्मतं, त्या वर्षीची वाइन बाप तळघरात निजवून ठेवतो आणि मुलाच्या लग्नात ती उघडतात. ज्यांना जमतं ते टिकणारी, भारी वाइन आणतात. ओनोरे कारखान्याच्या पिंपांपाशी गेला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही."

पिंपांची देखरेख बार्तेसकडे होती. तो ओनोरेचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं कपाळाला हात लावला.

"अरे, ही दोन वर्षांची पाहुणी. नंतर तिचं व्हिनेगर होतं. पोरीच्या लग्नात काय कोशिंबीर वाढणार आहेस?"

"वाढीन. तुला बोलावणार नाही."

"नको बोलावू. मी माझी बाटली घेऊन येईन."

"माझ्या हातानं घाणा फिरवलाय हिच्यासाठी," ओनोरे म्हणाला. "दुसऱ्याच्या हातची कशाला ठेवू पोरीसाठी?"

बार्तेसनं एक लहान पिंप नळीखाली सरकवलं. त्यानं नळी सोडली.

बाटल्या भरायलाही तिकडे दिवस पाहावा लागतो. चंद्र उतरणीला लागला पाहिजे आणि डोंगरावरून कोरडा वारा सुटला पाहिजे. चढत्या चंद्रात वाइन अस्वस्थ असते, तळचा गाळ वर येतो, असं जुने लोक म्हणतात. ओनोरे मार्चपर्यंत थांबला. जोझेतनं बारा जुन्या बाटल्या ब्रश घालून धुतल्या. शेजारी टोपलीत पाच महिन्यांची मागाली होती आणि जोझेतचं अर्धं लक्ष तिच्याकडे होतं. मी बारावी. भरली, बूच ठोकलं, आणि ओनोरेनं आम्हा बहिणींना तळघरात आडवं निजवलं. आडवंच, कारण बूच ओलं राहायला हवं. ते वाळलं तर आकसतं. बुचातून थेंबाथेंबानं हवा झिरपली तर आम्ही मुरतो. एकदम घुसली तर संपलो.

तरुणपणी मी शाईसारखी जांभळी होते, आणि फार भांडखोर. मागाली वर्षाची झाली तेव्हा माझी एक बहीण उघडली. पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली. मागाली शाळकरी झाल्यावर चर्चमध्ये तिला पहिल्यांदा प्रसाद मिळाला, त्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणाला दुसरी उघडली, ती जरा बरी निघाली, बार्तेस म्हणाला, "बरी म्हणजे, अजून मेली नाही."

आम्ही अंधारात पडून राहिलो. माझ्यातला तुरटपणा हळूहळू एकमेकाला धरू लागला, जड झाला आणि बाटलीच्या कुशीला साका होऊन बसला. जांभळा रंग आधी डाळिंबी झाला, मग कडेनं विटकरी. कच्च्या फळाचा वास गेला, सुक्या अंजिराचा आला, आणि कधीकधी त्या डोंगरावर उगवणाऱ्या रानओव्याचा. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त पडून होते.

मागाली बटाटे घ्यायला तळघरात यायची. शाळेतलं काहीतरी बडबडत असायची. आमच्यावर खडूनं तिचं नाव लिहिलेलं होतं. ती कधी त्यावरून बोट फिरवायची, कधी बाटलीला कान लावायची. तेव्हापासून मला एकच ओढ लागली. हिच्या ग्लासात जायचं. हिनं एकदा तोंडात धरून म्हणावं, की हं, ही माझ्या वर्षाची.

ती अठरा वर्षांची झाली त्या दिवशी माझ्या दोन बहिणी वर गेल्या. जिन्याचं दार उघडंच राहिलं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ग्लास भरले. मग मागाली म्हणाली, "खरखरीत आहे. पण मागून गोड बोलते. अगदी बाबासारखी." सगळे हसले. बार्तेसनं ग्लास दुसऱ्यांदा पुढे केला. आमच्या घराण्याला याहून मोठी शाबासकी कधी मिळाली नाही.

त्या संध्याकाळी जोझेत रिकाम्या बाटल्या ठेवायला खाली आली. मागून ओनोरे.

"उरलेल्या आता पिऊन टाकू या," ती म्हणाली. "याहून चांगली नाही व्हायची ही."

"लग्नात."

"कुणाचं लग्न? पोरगी परीक्षेला बसलीय."

"होईल की कधीतरी. आठ बाटल्या आहेत. पहिल्या टेबलाला पुरतील."

मित्रांनो, चूक घडली ती इथे. त्यानं प्रेमानं केली, म्हणून कुणाला ती चूक वाटली नाही.

मागाली शिकली आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रेस्टला, जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत कामाला लागली. तिथे यान नावाच्या माणसाबरोबर तिनं घर केलं. लग्न केलं नाही. तिकडे आता कितीतरी लोक असे राहतात आणि सुखानं राहतात. पण ओनोरेच्या डोळ्यांसमोर पहिलं टेबल होतं, आणि त्यावर आम्ही.

आठाच्या सात झाल्या, मग एकेक करत कमी होत गेल्या. एकीचं बूच कुजलं. एक झिरपून झिरपून निम्मी झाली. एकीचं खरंच व्हिनेगर झालं आणि जोझेतनं ते पाल्याच्या कोशिंबिरीवर घातलं. त्या दिवशी बार्तेस जेवायला होता. त्यानं एक घास खाल्ला, ओनोरेकडे पाहिलं, आणि तीस वर्षं मनात ठेवलेला टोमणा मारायचा सोडून म्हणाला, "मीठ दे रे जरा."

जोझेत दर रविवारी खाली यायची. बॅटरीचा उजेड माझ्या मानेमागे धरायची आणि वाइन कुठवर आहे ते बघायची. बुचाला बोट लावायची, ओलं लागतं का म्हणून. माझी पातळी मानेवरून खांद्यावर उतरली, तेव्हा मी एकटीच उरले होते. ती पुटपुटायची, "थांब गं बाई. थांब थोडी." मी थांबत होते. थांबण्यावाचून मला दुसरं काय येत होतं? पण आतलं फळ दर उन्हाळ्यात थोडं विझायचं, आणि ते मला कळायचं.

चार वर्षांपूर्वी मागाली आली होती. जेवताना तिनंच विचारलं, "बाबा, ती माझी बाटली काढायची का आज?"

"लग्न नाही, तर बाटली नाही," ओनोरे म्हणाला.

"मग तूच पी," ती म्हणाली. दुपारीच परत गेली. त्यानंतर फोनवर आईशी बोलायची, आणि बाबाचा आवाज आला की म्हणायची, "ठेवते."

या वसंतात जोझेतनं मला उजेडात धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग वर जाऊन फोन लावला. मी ऐकलं.

"मागाली, लग्नाचं राहू दे. बाटली चाललीय गं. उन्हाळा नाही काढायची. तू ये."

पलीकडे काय म्हटलं ते कळलं नाही.

"बाबाला मी सांगते. तू फक्त ये."

रविवार ठरला. बाराला पोचणार होती. दहाला जोझेत पाव आणायला गेली, आणि ओनोरे खाली आला. दाढी केलेली, ठेवणीतला सदरा. त्यानं मला लहान मुलासारखं दोन्ही हातांवर वर नेलं. आणि मग त्यानं तेच केलं, जे तो आयुष्यभर घरातल्या प्रत्येक लाल वाइनचं करत आला होता. तिकडची तरुण, रांगडी वाइन जेवणाआधी दोन तास उघडतात, रुंद चंबूत ओतून घुसळतात, म्हणजे वारा लागून ती निवळते. माझं बूच मधेच तुटलं. त्यानं तुकडे नीट वेचून काढले. मला चंबूत उंचावरून धार धरून ओतलं. वर दोनदा गरगर फिरवलं.

पस्तीस वर्षांनी हवा लागली! काय सांगू तुम्हाला. अंजीर, रानओवा, ऊन लागलेली दगडी भिंत, सगळं एकदम वर आलं. स्वयंपाकघर भरून गेलं. ओनोरेचा हात चंबूवर तसाच थांबला. मी त्या क्षणी जितकी सुंदर होते तितकी कधीच नव्हते. आणि मला कळत होतं, हे फार तर अर्धा तास.

तेवढ्यात फोन वाजला. वाऱ्यानं रुळांवर झाड पडलं होतं, गाडी मधेच उभी होती. मागालीला तीन वाजणार होते.

जोझेत दारातून आत आली आणि पाव हातातच राहिला.

"उघडलीस?"

"वारा नको लागायला? लाल आहे. पण गाडी अडकलीय, पोरीला तीन वाजतील."

"ओनोरे, म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यात बसवतात का रे?" ती चंबूवर वाकली. बाळाच्या नाकाशी बोट धरताना व्हायचा, तसा तिचा चेहरा झाला. "आहे. अजून आहे. पण निघालीय."

"परत बाटलीत घालू?"

"त्या बाटलीत वर हवा राहीलच. लिमोनेडची छोटी बाटली दे. ती नाही, ती पिचलीय. ती."

तिनं मला त्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरलं, अगदी सांडेपर्यंत, हवेला कणभर जागा न ठेवता. बूच दाबलं आणि थंड पाण्याच्या बादलीत उभं केलं. चंबूत उरलं ते ग्लासात ओतून तिनं ओनोरेसमोर ठेवलं.

"पी. आत्ता."

"आणि तू?"

"माझं नंतर. पी तू."

ओनोरे प्यायला. रिकामा ग्लास त्यानं नाकाशी धरला. मग म्हणाला, "ही होती गं. इतकी वर्षं, ही होती."

"मी म्हणत होते."

"तू म्हणत होतीस."

बादलीत मी एकेक मिनिट मोजलं. पस्तीस वर्षांत जेवढं थांबले नाही, तेवढं त्या पाच तासांत थांबले. अंजीर गेलं. रानओवा गेला. मी उरलेलं सगळं मुठीत धरावं तसं धरून ठेवलं.

तीन वाजून गेल्यावर मागाली आली. केसांत वारा, खांद्यावर पिशवी. उंबऱ्यातच उभी राहिली. ओनोरे उठला.

"लग्नाचं," तो म्हणाला, आणि तिचे खांदे ताठ झाले. "लग्नाचं काही विचारत नाही मी. ग्लास घे."

तिनं आईकडे पाहिलं. आईनं खुर्ची सरकवली.

"आधीच सांगतो," छोट्या बाटलीचं बूच काढता काढता ओनोरे म्हणाला. "ही सकाळी जास्त चांगली होती. तू अठराची होतीस तेव्हा तर फारच. मी सतरा वर्षं उशीर केला, आणि मग आज पाच तासांची घाई केली."

मागाली हसली. हसता हसता डोळे पुसले. "आत्ता जी आहे ती दे, बाबा."

मित्रांनो, मग मी तिच्या ग्लासात गेले. माझ्यात फार काही राहिलं नव्हतं, थोडं आंबट, थोडं मातकट, आणि अगदी शेवटी कुठेतरी एक पुसट गोडवा. तिनं तोंडात धरलं. गिळलं नाही लगेच. ती शोधत होती, आणि मी होतं नव्हतं ते सगळं वर आणलं. मग तिनं डोळे मिटले आणि मान हलवली. तिनं काय म्हणावं हे मी पस्तीस वर्षं मनात घोळवलं होतं, आणि तिनं ते म्हटलं नाही. पण दुसरा घोट घेतला.

ओनोरेनं बाटली पुन्हा तिच्याकडे वळवली. "एवढंसंच राहिलंय. संपव."

मागालीनं ग्लासावर हात ठेवला. "आई, तू घेतलीस?"

"माझं काय. मटण करपेल."

"आई, तू घेतलीस का?"

जोझेत शेगडीकडे वळली होती. मागालीनं उठून गॅस बंद केला, आईला खांद्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतःचा ग्लास तिच्या हातात दिला. ओनोरेनं बाटली उलटी केली. साका आला तरी शेवटचा थेंब येईपर्यंत धरून ठेवली.

हे सगळं मी तुम्हाला जोझेतच्या ग्लासाच्या तळातून सांगते आहे. तिनं अर्धा घोट घेतलाय. अर्धा अजून बाकी आहे, आणि ती घाई करत नाही.

तुमच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर काही ना काही असेलच, खास दिवसासाठी ठेवलेलं. रंगांचा नवा डबा असेल. पण टोपण न काढलेली स्केचपेनंही वाळतात, हे तुम्ही पाहिलं असेल. वस्तू जपा, उजेडात धरून बघा, तिचं बूच ओलं ठेवा. पण ती चांगली आहे तोवर एखाद्या साध्या रविवारी काढा. आणि घरात कुणी "माझं नंतर" म्हणत असेल, तर तिच्यासाठी आजच खुर्ची ओढा. आधी तिला द्या. नंतर फार थोडं उरतं, मित्रांनो, आणि ते थोडं किती वेळ टिकेल, ते मला विचारा.