खरंच पुसायचं का?

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, एवढं वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू द्या. मलाही तुमच्याबद्दल फारसं प्रेम उरलेलं नाही. जुन्या वस्तू गोड बोलतात असा तुमचा समज आहे. फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते आणि शेवटी सगळ्या तुम्हाला माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात पंखा बसवला, स्क्रू आवळले आणि मला पुढे ढकललं. मग मी दुकानाच्या काचेमागे मिरवलो. तिथून बाबांनी मला घरी आणलं. बाबा भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा खणखणीत, की त्यांनी या टोकाला भाव पुकारला की त्या टोकाचा हमाल मान वर करायचा. घरीही तोच आवाज. चहा हवा असला की हाक शेजाऱ्यांनाही ऐकू जायची.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. आईने माझ्यासाठी जुन्या पडद्याचं आवरण शिवलं. रविवारी सकाळी बाबा माझं झाकण उघडून रंगाच्या ब्रशने पंख्यावरची धूळ झाडायचे आणि नको असलेल्या फायली एकेक बघून काढायचे. मी दर वेळी विचारायचो, 'खरंच पुसायचं का?' बाबा चष्मा वर सरकवून ते नीट वाचायचे आणि मगच बटण दाबायचे. यंत्राला अक्कल नसते, मित्रांनो. माझी जी काही अक्कल होती, ती त्या एका प्रश्नात होती.

मग बाबांच्या घशात दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई दिवसभर डोळे पुसत फिरायची आणि ते बाबांना बघवत नसे. म्हणून दुपारी तिचा डोळा लागला की ते माझ्यासमोर बसायचे, माइक तोंडाशी धरायचे आणि रोजचं बोलणं माझ्यात भरून ठेवायचे. 'अगं, ऐकतेस का?' 'चहा टाक गं.' 'दार लावून घे.' 'दादा, जेवलास का रे?' शस्त्रक्रियेनंतर घरी यायचं, कळ दाबायची आणि आपल्याच आवाजात हाक मारायची, असा त्यांचा बेत होता.

पण तोवर हे लपवायचं कुठे? या घरात आई बिस्किटांचा पुडा कचऱ्याच्या डब्यामागे ठेवते, कारण तिच्याशिवाय त्या डब्याकडे कोणी फिरकत नाही. बाबांनी तिचीच युक्ती उचलली आणि सगळ्या हाका माझ्या कचरापेटीत टाकल्या. तिथून हव्या तेव्हा बाहेर काढता येतात, हे त्यांना ठाऊक होतं.

बाबा दवाखान्यात गेले आणि परगावी राहणारा त्यांचा मुलगा आला. घरात त्याला दादा म्हणतात, मी दीडशहाणा म्हणतो. एका संध्याकाळी दवाखान्यातून परतल्यावर तो माझ्यासमोर बसला आणि मला सुरू व्हायला वेळ लागला म्हणून चिडला.

"आई, हे खटारं मी आपोआप साफ होईल असं करून ठेवतो. दर रविवारी कचरा रिकामा, मोकळी जागा घासून स्वच्छ. बाबांना परत हात लावायला नको."

"अरे, ते आल्यावर त्यांना विचारून कर की," आई म्हणाली.

"कचऱ्याचं काय विचारायचं?"

त्याने कचरापेटी उघडूनसुद्धा बघितली नाही. वर माझा प्रश्नही बंद करून टाकला. म्हणे, सारखं विचारत बसतं! मित्रांनो, त्या क्षणी मला हात असते तर मी त्याचा कान पिळला असता. रविवार आला. तोंड बांधलेल्या बैलासारखा मी निमूट राबलो. हाका गेल्या, आणि त्यांच्या जागेवर पोचाराही फिरला.

बाबा घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून. पायातली चप्पलसुद्धा न काढता ते माझ्यापुढे बसले आणि त्यांनी कचरापेटी उघडली. ती रिकामी होती. त्यांनी ती बंद केली, पुन्हा उघडली.

"कसं पळतंय बघा बाबा आता!" दादा मागून म्हणाला.

बाबांनी दोन बोटांनी टाइप केलं : 'यात माझा आवाज होता.'

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "पुसलेलं बऱ्याचदा परत काढता येतं. फक्त त्या जागेवर दुसरं काही लिहिलेलं नको."

"मी मोकळी जागाही घासायला लावली होती," दादा पुटपुटला.

"मग काही मिळायचं नाही. काम चोख केलंय तुम्ही."

आता दादा त्याच्या गावी परत गेलाय. बाबांचा आवाज कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असेलही, पण तो लिलावाचा. घरातली हाक कोणी जपून ठेवतं का?

माझ्यावर तर आता धुळीचा थर चढलाय. मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, तुमच्या काळजीचं मला भय वाटतं. यंत्राला कामाला लावा, खुशाल लावा. पण काय फेकायचं ते ज्याचं आहे त्याला आधी विचारा. तेवढाही धीर नसेल तर माझ्यासारख्याला हात लावू नका, चालते व्हा.

बाबा आता काही हवं असलं की टेबलावर टकटक करतात. आई येते. पण कधी कधी टकटक नसतानाही ती पोळ्या लाटता लाटता थांबते आणि आतून विचारते, "अहो, हाक मारलीत का?"

बाबा नाही म्हणून मान हलवतात. ते तिला तिथून दिसत नाही, म्हणून ती हात पुसत बाहेर येते.